गच्चीवरची छत्री

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाची सहल व्हर्जिनियातल्या शेनन्डोआ खोऱ्यात एका शेतावर गेली होती. बटाटेवडे संपले, अंताक्षरीतलं पहिलं भांडण मिटलं आणि मुलं गोठ्यामागे हुंदडायला गेली. थोड्या वेळाने त्यातली दोघं धावत परत आली. "काका, तिकडे मागे रडार आहे!"

रडार कसलं! जाऊन बघतो तर काळ्या जाळीची, चांगली दहा फूट व्यासाची जुनी डिश. खांबाला गंज चढलेला, निम्म्या जाळीवर रानवेल पसरलेली आणि एका कडेला कुठल्याशा पाखराचं घरटं. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून एके काळी अशा डिशा इतक्या उगवल्या होत्या, की शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियाचं हे राज्यफूल आहे असं लोक गमतीने म्हणत. "एवढी मोठी? टीव्ही बघायला?" मुलांना काही केल्या पटेना. त्यांच्यामागे जमलेली आम्ही चाळिशी-पन्नाशीची मंडळी मात्र एकदम बोलती झालो. कुणाच्या सोलापूरच्या वाड्यावर 'छत्री' होती, कुणाच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तिच्यावरून मारामारी झाली होती. आमच्या संपादकांनी तिथल्या तिथे मला पकडलं, "तुम्ही यातले डॉक्टर. पुरवणीसाठी लिहा." मी डॉक्टर आहे तो सिग्नलमधल्या चुका दुरुस्त करण्याच्या गणिताचा. डिशचं शास्त्र मात्र मी शिकलो ते सांगलीला, माझ्या मामाकडून, आणि तो अकरावीत दोनदा नापास झालेला.

मामाचं गावभागात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. १९९२ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहावीतून सातवीत गेलो होतो आणि दरवर्षीप्रमाणे आजोळी आलो होतो. दुकानाच्या मागच्या बोळात मामाने जमिनीवर खडूने एक लांबलचक वक्ररेषा काढली होती. शेजारी एक चुरगळलेला झेरॉक्स कागद आणि त्यावर आकडे. मध्यापासून तीन फुटांवर रेषा सहा इंच वर, सहा फुटांवर चोवीस इंच वर. मामा या वळणाला 'परातीचा बाक' म्हणायचा. पुढे अकरावीत फळ्यावर अन्वस्ताचं समीकरण आलं तेव्हा मी वहीत तेच आकडे घालून बघितले आणि ते तंतोतंत बसले. बारा फूट व्यास, दोन फूट खोली, म्हणजे नाभी मध्यापासून साडेचार फुटांवर. मामाने एलएनबी बरोबर तिथेच बसवला होता.

त्या रेषेवर लोखंडी पाइप वाकवून फासळ्या तयार झाल्या, कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्या जोडल्या आणि वरून अॅल्युमिनियमची जाळी रिबिटांनी ठोकली. जाळी का चालते, पत्रा का लागत नाही, हे मला तेव्हा कोडंच होतं. येणाऱ्या लहरीची लांबी साडेसात सेंटिमीटर. तिच्या मानाने भोकं बारीक असली की लहरीला जाळी आणि पत्रा सारखेच, वाऱ्याला मात्र नाही. जाळी वाऱ्याला वाट देते, निदान द्यायला हवी. एलएनबी आणि रिसीव्हर मात्र मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणावे लागले. मामा रात्रीच्या एसटीने गेला आणि ती पेटी मांडीवर घेऊन परत आला.

गिऱ्हाईक होते आमच्याच गल्लीतले एक डॉक्टर. त्यांच्या दुमजली घराच्या गच्चीवर आठ माणसांनी दोर लावून ती छत्री चढवली. मग खरं काम सुरू झालं. उपग्रह होता एशियासॅट-१, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, १०५.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर. सांगलीहून तो पूर्वेपासून २६ अंश दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून जवळजवळ ५० अंश उंच येतो. हा हिशेब मी नंतर, नोकरीच्या ठिकाणी एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये केला. मामाकडे तेव्हा एक होकायंत्र, गवंड्याचा ओळंबा आणि माझ्या कंपासपेटीतला कोनमापक एवढीच सामग्री होती. ओळंबा कोनमापकाला बांधून त्याने उंचीचा कोन मोजला. होकायंत्र लोखंडी पाइपांजवळ नेलं की वेड्यासारखं फिरायचं, म्हणून तो गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दिशा बघायचा आणि तिथून ओरडायचा. बारा फुटी डिशची नजर अवघी दीड अंशाची. कड सव्वा इंच सरकली की एक अंश गेला. त्यात उपग्रहावरचा एका चॅनेलचा प्रक्षेपक आपल्या झिरोच्या बल्बहून कमी ताकदीचा!

डॉक्टरांच्या दिवाणखान्यात टीव्हीपुढे काकू, जिन्यात मी, गच्चीवर मामा. काकू म्हणायच्या "मुंग्या", मी वर ओरडायचो "मुंग्या!" असे दोन तास गेले. "काय बघालायस नुसता, पाइप धर की!" म्हणून माझ्यावर चिडून झालं. मग मामाने डिशच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत दोन सुतळ्या आडव्या-उभ्या ताणून बांधल्या. मध्यभागी त्या एकमेकींना टेकायला हव्या होत्या. दोहोंमध्ये तीन बोटांचं अंतर निघालं. चढवताना परात पिळली होती. दोन नट सैल करून, एका बाजूला गुडघा लावून त्याने ती सरळ केली. खालून काकूंचा आवाज आला, "अहो, कुणीतरी गोरी बाई रडत्येय!" ते स्टार प्लस होतं.

हा उपग्रह तिथे कसा पोचला ती कथा मला पुढे अमेरिकेत कळली, आणि ती मामाला फोनवर सांगितली तेव्हा तो बराच वेळ हसत होता. तो मुळात आशियासाठी बनलेलाच नव्हता. त्याचं नाव होतं वेस्टार-६, आणि त्याची नेमणूक अमेरिकेच्या डोक्यावर होती. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून त्याला सोडलं, पण पुढे ढकलणाऱ्या रॉकेटने दगा दिला आणि स्वारी भलत्याच खालच्या कक्षेत अडकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातून गेलेल्या जोसेफ अॅलन आणि डेल गार्डनर यांनी अंतराळात तरंगत जाऊन तो, आणि तसाच भरकटलेला इंडोनेशियाचा पालापा-बी२, असे दोन उपग्रह हाताने धरून परत आणले. गार्डनरच्या हातात 'विकणे आहे' अशी पाटी असलेला त्या वेळचा फोटो प्रसिद्ध आहे. ती थट्टा खरी ठरली. विम्यात गेलेला वेस्टार विकला गेला, दुरुस्त झाला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या लाँग मार्च रॉकेटवरून एशियासॅट-१ या नावाने पुन्हा उडाला. १९९१ मध्ये हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने त्यावरून कार्यक्रम सुरू केले. उपग्रहाचा दक्षिणेकडचा झोत भारतावर पडत होता आणि प्रक्षेपणाला कुलूप नव्हतं. म्हणजे शेनन्डोआतल्या त्या गंजक्या डिशने जो उपग्रह बघायचा, तोच सेकंडहॅन्ड होऊन आमच्या डॉक्टरांच्या गच्चीवर पोचला होता.

अमेरिकेतल्या या डिशांची सुरुवातही एका गच्चीवरून, म्हणजे परसातूनच झाली. १९७५ मध्ये एचबीओने मॅनिलातली अली-फ्रेझर लढत उपग्रहामार्गे केबल कंपन्यांना पुरवली आणि मग हा नित्याचा प्रकार झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टेलर हॉवर्ड या अभियंत्याने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या घरी, वापरातून काढलेली मोठी डिश लावून ते कार्यक्रम पकडले. माणूस सरळ. त्याने एचबीओला शंभर डॉलरचा चेक पाठवला. आम्ही फक्त केबल कंपन्यांशी व्यवहार करतो, असं कळवून त्यांनी तो परत केला! मला हा प्रसंग फार आवडतो. पुढे दहा वर्षं जे भांडण पेटलं त्याची मेख त्या परत आलेल्या चेकमध्ये आहे. पैसे द्यायला माणूस तयार, घ्यायला कुणी तयार नाही आणि लहरी तर अंगणात पडताहेतच.

१९७९ साली नुसत्या ग्रहण करणाऱ्या डिशसाठी परवान्याची सक्ती उठली. त्याच वर्षी नीमन मार्कस या बड्या दुकानाच्या नाताळच्या कॅटलॉगात घरगुती डिश आली, किंमत ३६,५०० डॉलर. काही वर्षांतच भाव इतके उतरले की केबल न पोचलेल्या शेतकऱ्याला ती परवडू लागली. १९८४ च्या केबल कायद्याने खुलं प्रक्षेपण घरी बघणं रीतसर केलं. इथे मोटर लावून डिश एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे फिरवायची सोय होती. बघणाऱ्याला सगळं आकाश मोकळं!

मग १५ जानेवारी १९८६ रोजी एचबीओने कायमचं कुलूप लावलं. व्हिडिओसायफर नावाचं यंत्र ३९५ डॉलरला घ्या आणि वर महिन्याला १२.९५ डॉलर भरा. डिश विकणाऱ्यांचा धंदा बसला. त्यांच्यापैकीच फ्लोरिडातला जॉन मॅकडुगल हा एका प्रक्षेपण केंद्रात रात्रपाळी करायचा. २७ एप्रिल १९८६ रोजी मध्यरात्रीनंतर त्याने केंद्रातली मोठी डिश एचबीओच्या उपग्रहाकडे वळवली आणि चालू सिनेमा दाबून टाकत स्वतःचा निषेध पडद्यावर झळकवला. खाली सही 'कॅप्टन मिडनाइट'. साडेचार मिनिटांचं राज्य, ५,००० डॉलर दंड आणि एक वर्षाचं प्रोबेशन. त्या कुलपाबद्दल एक धंद्यातली गोष्ट सांगतो. त्यात आवाज पक्क्या सांकेतिक पद्धतीने झाकला होता, पण चित्राशी थोडीशी छेडछाड करून सोडून दिलं होतं. चोरांनी ते फार दिवस टिकू दिलं नाही. अर्धं दार पोलादी आणि अर्धं पत्र्याचं असलं की लोक पत्र्याकडून येतात.

सांगलीला कुलपाचा प्रश्न तेव्हा नव्हता. प्रश्न होता परवान्याचा, आणि तो माझ्या आजोबांनी काढला. आजोबा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. घरच्या रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं. ऐंशीच्या दशकात ती लायसन्सं रद्द झाली तरी ते कपाटात होतंच. डॉक्टरांकडे छत्री लागली त्या रात्री जेवताना ते मामाला म्हणाले, "तू हे करतोयस त्याला परवानगी आहे का? तार कायदा १८८५ चा आहे. संदेश घेण्याचं यंत्र म्हणजे तार, आणि तार ही सरकारची."

"अण्णा, आकाशातनं पडतंय ते. कुणाच्या घरातनं आणलं का मी?"

"पाऊसही आकाशातून पडतो. धरण सरकारच बांधतं."

"आणि तुम्ही रात्री रेडिओवर बीबीसी ऐकत होता ते?"

"माझ्याकडे लायसन्स होतं!"

मामा ताटावरून उठला. आई मध्ये पडली. तिसऱ्या दिवशीपर्यंत दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. मला तेव्हा आजोबा हेकट वाटले होते. आज वाटतं की कायद्याचं कलम त्यांनी बरोबर सांगितलं होतं आणि युक्तिवाद मामाचा बरोबर होता. गंमत म्हणजे सरकारचंही काहीसं असंच झालं होतं. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात आपल्याच देशाने, नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना थेट टीव्ही दाखवला होता. त्या 'साइट' प्रयोगातल्या डिशाही दहा फुटी आणि चक्क कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीच्या! भूस्थिर उपग्रहांवरून दळणवळणाची कल्पना १९४५ मध्ये मांडणाऱ्या आर्थर क्लार्कला श्रीलंकेतल्या घरी अशीच एक डिश भारताने बसवून दिली होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण शेतकऱ्याच्या दारात छत्री लावण्याची कला देशाला येत होती. फक्त वर काय वाजवायचं ते सरकार ठरवायचं. १९९२ मध्ये फरक पडला तो तेवढाच, आणि तो फार मोठा होता.

त्या डिसेंबरात अयोध्येची घटना घडली. दूरदर्शनवर काही दिसेना. डॉक्टरांकडे बीबीसी लागत होतं आणि त्यांचा दिवाणखाना, ओटा, जिना माणसांनी भरला. मी तेव्हा शाळेसाठी पुण्याला होतो, हे सगळं आईला आलेल्या पत्रातून कळलं. आजोबा स्वतः उठून गेले, खुर्चीवर ताठ बसून तासभर बघत राहिले आणि पुढे आलेला चहा न घेता घरी आले. मामाला एवढंच म्हणाले, "चित्र स्वच्छ येतं तुझं." परवानगीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

डॉक्टरांकडून शेजाऱ्यांना वायर गेली, तिथून पलीकडच्या गल्लीत, आणि वर्षभरात मामा केबलवाला झाला. मधल्या एका वळवाने त्याची दुसरी छत्री उचलून शेजारच्या गोदामाच्या पत्र्यावर आपटली. माणसं वाचली हे नशीब. जाळीतून वारा जातो हे खरं, पण सगळा नाही. तेव्हापासून तो चार ताण लावू लागला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळी सव्वादहाच्या सुमारास काही मिनिटं चित्र जायचं आणि दुकानात शिव्यांचे फोन यायचे. सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या गोंगाटात तो क्षीण आवाज बुडतो. मामाने गिऱ्हाइकांना समजावण्याचा नाद सोडला, पण त्याचा उपयोग करून घेतला. त्या मिनिटांत एलएनबीची सावली परातीच्या मध्यावर पडली, तर डिश अचूक रोखलेली. सावली सरकलेली असेल तर तेवढी ती हलवायची. मार्चमध्ये एकदा आणि ऑक्टोबर उजाडताना एकदा, तो सूर्याकडून आपल्या छत्र्या तपासून घ्यायचा. होकायंत्र आणि ओळंबा त्याने केव्हाच फडताळात टाकले होते.

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल दिला. पुढच्याच महिन्यात केबल कायदा आला आणि केबलवाल्यांची नोंदणी ठेवली कुठे, तर मुख्य पोस्टात! आजोबा कोट घालून मामाबरोबर गेले. फॉर्म त्यांनीच भरला, आपल्या गोल अक्षरात, आणि पावती रेडिओच्या लायसन्सच्या पुस्तकात ठेवली.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सगळीकडे सारखंच घडलं. एकेक चॅनेल पैसे मागू लागलं, एकेकाला कुलूप बसलं, प्रत्येक कुलपाची वेगळी पेटी. एका मोठ्या नेटवर्कने मामाला आधी भागीदारी देऊ केली आणि २००१ मध्ये त्याचं जाळं पडेल भावात घेतलं. मुंबईत २०१२ मध्ये केबलला डिजिटल पेटी सक्तीची झाली आणि मग ती लाट गावोगाव पोचली. कमी लांबीच्या लहरी आणि ताकदवान उपग्रह यांमुळे डिश ताटाएवढी झाली. ती बसवायला वीस मिनिटं लागतात, सुतळी लागत नाही.

आता माझं. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे आमचा विभाग ही कुलपं बनवतो. तुमच्या पेटीतली किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, ती वेळेवर आणि योग्य घरीच पोचावी यासाठी लागणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. ही नोकरी लागली तेव्हा मामाला फोन केला. तो म्हणाला, "म्हंजे तू कुलूपवाला झालास होय!" मी हसलो, पण ते लागलं. सिनेमा काढणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हॉवर्डनेही चेक पाठवलाच होता. पण बातमीला कुलूप घालायच्या फायली समोर आल्या की मला डॉक्टरांच्या दिवाणखान्यात ताठ बसलेले आजोबा दिसतात. मी फाइल पूर्ण करतो आणि पुढे पाठवतो. पगार त्याचाच मिळतो.

सहलीच्या दिवशी मी खिशातल्या टेपने ती डिश मोजली. व्यास दहा फूट, खोली जवळजवळ दीड. वेल बाजूला करून फोटो काढले आणि मामाला व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्याची छत्री आता सांगलीजवळच्या शेतात विहिरीवर पालथी घातली आहे, पाला पडू नये म्हणून. तिकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते, तरी पाच मिनिटांत उत्तर आलं. जाळी झकास आहे, पाइपाला रेड ऑक्साइड मारायला हवा होता, आणि खाली वेगळ्या ओळीत : विकणार आहेत का विचार की.